आजोबांची तिकिटं : किंमत काढण्याच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

माळ्यावरची ट्रंक खाली काढली. बाबांना जाऊन वर्ष होत आलं. दादाने ह्यूस्टनहून तिसऱ्यांदा विचारलं, "त्या तिकिटांचं काय केलंस?" धाकटी म्हणाली, ताईच बघेल, तिचं कामच हिशेबतपासणीचं. म्हणून ही वही. तिघांत वाटणी करायची तर आधी आकडा हवा, आणि आकडा कुठून आला असं उद्या कुणी विचारलं तर बोट ठेवून दाखवता यायला हवं.

ट्रंकेत निघालं ते असं. आजोबांचे चार अल्बम: एक जाडजूड परदेशी तिकिटांचा, दोन भारताचे, एक संस्थानांचा. बाबांचे तीन फोटो-अल्बम, ज्यांत फोटो एकही नाही, सगळी तिकिटं. बुटांच्या दोन खोक्यांत फर्स्ट डे कव्हरं (तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का मारलेली पाकिटं), मोजली, ४१२. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, सुट्ट्या तिकिटांनी गच्च. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन किलो शंभर ग्रॅम. आणि सुतळीने बांधलेला जुन्या पाकिटांचा गठ्ठा, ६८ पाकिटं. पाकिटांच्या पाठीवर आजोबांच्या मोडी अक्षरातले हिशेब. बाबा सांगायचे, लढाईच्या दिवसांत कागद मिळायचा नाही, म्हणून घरखर्च पाकिटांवर लिहायचे.

आजोबा बॅलार्ड इस्टेटला एका जहाज एजंटाच्या कचेरीत आवक-जावक बघायचे. एडन, बहरीन, कुवेत, मस्कत, बसरा इथलं टपाल त्यांच्या हातून जायचं. तिकिटं कात्रीने कापून घरी आणायची परवानगी होती म्हणे.

घरातली आख्यायिका इथेच लिहून ठेवते, नंतर निकालात काढायला सोपी (अण्णा म्हणजे आजोबा): "अण्णांकडे गांधीजींचं ते कोटीवालं तिकीट आहे."

१२ जानेवारी, रविवार

हुरूप होता. गठ्ठ्यातली वरची पाच पाकिटं घेतली आणि शाळेत असताना करायचो तसं कोमट पाण्यात टाकली, तिकिटं सुटी व्हावीत म्हणून. दहा मिनिटांत सुटलीही. वर्तमानपत्रावर पालथी घातली. एका पाकिटावर कडेला पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती, तीही सुटून आली. ती टाकून दिली. पाठीवरची निळी-काळी शाई पाण्यात उतरली, पातेल्यातलं पाणी पावसाळी आभाळासारखं झालं. पाकिटं दोरीवर वाळत घातली.

(१६ फेब्रुवारीला भर: ही नोंद खोडायची नाही. पण दुसरं कुणी हे वाचून कामाला बसणार असेल तर त्याने पातेलं जागेवर ठेवावं. पहिला महिनाभर काही भिजवू नये, कापू नये, पुसू नये.)

१५ जानेवारी

खरेदी. चपट्या टोकांचा चिमटा १५०, दहापटीचं भिंग ३५०, तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पट्टी ८०, दोन स्टॉकबुकं (तिकिटं खोचून ठेवायच्या वह्या) ९००, बटर पेपर ६०, सिलिका जेलच्या पुड्या १८०. चिमटा, भिंग वगैरे पुढे माझ्याकडेच राहणार, तेव्हा तो खर्च माझा. सिलिका जेल मात्र समाईक. दादा म्हणाला, "सिलिका जेल कशाला?" म्हटलं, जुलैत डोंबिवलीत येऊन राहा.

१९ जानेवारी, रविवार

पाच तास काम. परदेशी अल्बम तासाभरात हातावेगळा केला. आत हंगेरी, पोलंड, मंगोलिया, घोडे, फुलपाखरं, अंतराळवीर. यातली निम्मी कधी पत्रावर लागलीच नाहीत. संग्राहकांना विकायची म्हणूनच छापली आणि शिक्काही छापखान्यातूनच मारून आली. ओळखायची खूण सोपी: शिक्का बरोब्बर कोपऱ्यात, रेखीव, आणि मागे डिंक शाबूत. आजोबांनी किती हौसेने लावलीत ती! पण याची किंमत अल्बमसकट मोजायची.

उरलेले चार तास राणी व्हिक्टोरियाच्या एका पानावर गेले. अर्ध्या आण्याची निळी, 'ईस्ट इंडिया' छापलेली, अकरा तिकिटं. १८५५ च्या सुमारापासून अशी तिकिटं लंडनला डे ला रू कंपनीकडे छापून यायला लागली. सुरुवातीच्या अर्ध्या आण्याच्या कागदात जलचिन्ह नव्हतं, १८६५ पासून हत्तीचं डोकं आलं. वरून बघितलं तर अकराही सारखीच.

मग काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवलं आणि वर लायटरच्या पेट्रोलचा एक थेंब सोडला. कागद ओला होऊन गडद होतो, जिथे लगदा पातळ आहे तिथे जास्त. दोन-तीन सेकंद काही दिसलं नाही. मग कपाळाचा उंचवटा, खाली वळलेली सोंड, आणि एवढासा हत्ती बशीतून वर आल्यासारखा दिसला. पेट्रोल उडालं तसा पुन्हा कागदात गेला. अकरापैकी आठांत हत्ती, तिघांत नाही. (खिडकी उघडी ठेवावी, गॅस बंद असावा. आणि ग्रॅव्ह्यूअर छपाईच्या नव्या तिकिटांना हे करू नये, रंग सुटतो.)

इतकं करून कळलं काय, तर दोन्ही प्रकार वापरलेले असतील तर भरपूर मिळतात. एवढी जुनी वस्तू म्हणजे महाग असणार, हा माझा ग्रह आज गेला. दीडशे वर्षांपूर्वी लोकांनी पत्रं लिहिली, तीही ढिगाने.

२५ जानेवारी, शनिवार

आज कोटीवालं तिकीट.

खरी गोष्ट अशी आहे. १५ ऑगस्ट १९४८ ला स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमधल्या कुर्व्हाझिए छापखान्याची. देवनागरीत आणि उर्दूत 'बापू' लिहिलंय. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयाकरता यातल्या थोड्या तिकिटांवर इंग्रजीत 'सर्व्हिस' असं वर छापून घेतलं. २०१७ मध्ये लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या तिकीट-व्यापारी कंपनीने दहा रुपयांच्या 'सर्व्हिस' तिकिटांची चारची पट्टी पाच लाख पौंडांना विकली. ती बातमी दादाने तेव्हा घरच्या ग्रुपवर टाकली होती आणि बाबांनी खाली पसंतीचा अंगठा टाकला होता. आख्यायिकेचं मूळ तो अंगठा.

अल्बममध्ये चारही आहेत, ओळीने. दहा रुपयांचं बाहेर काढलं. दाते मोजण्याच्या पट्टीवर ठेवलं: दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा, चारही बाजूंनी. असायला हवेत तितकेच. भिंगाखाली चेहऱ्याच्या छटा सलग, मऊ. या तिकिटाच्या नकला पुष्कळ फिरतात, आणि आजकालच्या छपाईची नक्कल असेल तर भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसते, म्हणून तीही बघितली. नाहीये. तिकीट अस्सल.

'सर्व्हिस' मात्र कुठेच नाही. मागे आजोबांनी लावलेली हिंज (तिकीट पानावर डकवायची डिंकाच्या कागदाची घडी), तिच्याभोवती डिंक तुटलेला, आणि उजवीकडच्या दोन दात्यांवर तांबूस डाग. गिरगावातल्या चाळीतला पावसाळा तिथे येऊन बसलाय.

दादाला फोन केला. "नीट बघितलंस का? उलट्या बाजूला असेल." उलट्या बाजूलाही बघितलं.

२७ जानेवारी

१९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतलं एक आण्याचं बोधिसत्त्व दोन तऱ्हांचं सापडलं. पहिल्या वेळी नाशिकला चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं छापलं गेलं, १९५० मध्ये सुलटं केलं. "चुकीचं तिकीट!" म्हणून धाकटीला फोटो पाठवला. नंतर शोधलं तर दोन्ही स्वस्त. चूक लाखांनी छापली की तिला भाव येत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

बाबांचे फोटो-अल्बम. हे लिहिताना हात जड होतो.

ते १९८० च्या सुमाराचे चिकट पानांचे अल्बम आहेत: पुठ्ठ्यावर डिंकाच्या रेघा आणि वरून पातळ प्लास्टिक. लग्नाच्या फोटोंसाठी सगळ्यांच्या घरी असायचे. बाबांनी कोऱ्या तिकिटांच्या चौकड्या त्यांत लावल्या, सरळ ओळीत, पट्टीने आखून. चाळीस वर्षांत पानाचा डिंक पिवळा पडला, तिकिटाच्या डिंकात मिसळला, प्लास्टिक वर बसलं. १९७३ च्या इंडिपेक्स या तिकीट-प्रदर्शनाची मिनिएचर शीटही (तिकिटं छापलेला छोटा सुटा कागद) तिथेच, पानाशी एकजीव. भारताची पहिली मिनिएचर शीट ती.

ओढलं की कागद सोलतो. म्हणून डब्यात दमट ठेवायचा जुना उपाय केला: स्टीलच्या मोठ्या डब्यात तळाला ओला स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर कापलेलं पान, झाकण घट्ट. पाण्याचा स्पर्श नाही, फक्त दमट हवा. अठरा तासांनी एक कोपरा हलला. चिमट्याने नाही, बटर पेपरची घडी खाली सरकवत सरकवत सोडवायचं. पहिल्या अल्बममधली साठ टक्के तिकिटं सुटली, पण डिंक गेला. कोरी म्हणून किंमत संपली, पानं भरायला म्हणून उरली. इंडिपेक्सची शीट मध्यात सोलली.

बाबांना तिकिटं खराब होऊ द्यायची नव्हती म्हणून तर त्यांनी प्लास्टिकखाली ठेवली.

८ फेब्रुवारी, शनिवार

सगळं दोन बॅगांत भरून मुंबईला. पाकिटांचा गठ्ठा शेवटच्या क्षणी टाकला, जागा होती म्हणून.

आधी जीपीओत डोकावले. तिथल्या फिलाटेली काउंटरवरची बाई भली होती, पण टपाल खातं नवी तिकिटं विकतं, जुन्यांची किंमत करत नाही. ते रास्तच आहे. घुमटाखाली पाच मिनिटं उभी राहिले. १९१३ साली पुरी झालेली इमारत, आजोबा रोज कचेरीचं टपाल घेऊन इथे यायचे.

मग फोर्टातला एक व्यापारी. नाव लिहीत नाही. माणूस सरळ वाटला, वेळ दिला. परदेशी अल्बमची पानं त्याने पत्ते पिसावेत तशी उलटली: दीड हजार. डबा: आठशे, "किलोचा माल". फर्स्ट डे कव्हरं: आठ रुपयाला एक. मी म्हटलं, बाबांनी जीपीओत डिपॉझिट खातं उघडून वर्षानुवर्षं घेतली. तो म्हणाला, "मॅडम, त्या काळात सगळ्यांच्याच बाबांनी घेतली." फोटो-अल्बम: दोन हजार. भारताचे दोन: एकवीस हजार, यात गांधी संच आलाच. संस्थानांचा: साडेसहा हजार. कोल्हापूरच्या कोर्ट फीच्या तिकिटांवर थांबला, हसला. कोल्हापूर संस्थानाने टपालाची तिकिटं काढलीच नाहीत, ही कज्जेदलालीची. पण यांचेही शौकीन असतात. ग्वाल्हेर आणि होळकरांची पानं पुढे ढकलली.

शेवटी बॅगेतून गठ्ठा काढला. त्याने वरची चार पाकिटं बघितली, खालची दोन बघितली, परत वरची बघितली. "याचे तीन हजार देतो." बेरीज ३८,०९६, धरू ३८,१००. "सगळं मिळून पस्तीस हजार, आत्ता, रोख."

विचार करते म्हटलं. बाकी सगळं चाळताना तो बोलत होता. गठ्ठा बघताना गप्प झाला होता. ऑडिटला गेलं की मी असल्याच गप्प बसण्याकडे लक्ष ठेवते.

९ फेब्रुवारी

दादा: "दे ना, पस्तीस तर पस्तीस." धाकटी: "घाई कसली?" माझं मत धाकटीच्या बाजूने, पण कारण वेगळं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ओळखीतून एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे गेले. ठाण्याला राहतात, आखातातला टपाल-इतिहास गोळा करतात. वय ऐंशीच्या पुढे. सगळे त्यांना 'काका' म्हणतात, तसं मीही काका म्हटलं. टेबलावर पांढरी चादर अंथरून बसले होते, हात धुऊन. ६३ पाकिटं एकेक करून बघितली. चहा दोनदा गार झाला.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत. आखातातली टपाल कार्यालयं बराच काळ हिंदुस्थान सरकारच्या टपाल खात्याची होती. तिथे आपलीच तिकिटं चालायची. पुढे त्यांवर देशाचं नाव वरून छापायला लागले: कुवेत १९२३ मध्ये, बहरीन १९३३ मध्ये. मस्कतसाठी १९४४ मध्ये राजघराण्याला दोनशे वर्षं झाली म्हणून अरबीत मजकूर छापला. एडन १९३७ पर्यंत हिंदुस्थानचाच भाग होता, तोवर साधी आपली तिकिटं. फाळणीनंतर आखातातली ही कार्यालयं ब्रिटिशांकडे गेली आणि १९४८ पासून ब्रिटनच्या तिकिटांवर आणे छापून वापरायला लागले.

आता गंमत अशी की 'बहरीन' छापलेलं सुटं तिकीट मिळतं. जगभरच्या संग्राहकांनी तेव्हाच कोरी विकत घेऊन ठेवली. पण बहरीनमधून खरंखुरं पत्र लिहिणारे होते किती? मोत्यांचे व्यापारी, तेल कंपनी, जहाज एजंट. ती पत्रं मिळाल्यावर पाकीट कुणी ठेवलं? जवळपास कुणीच नाही. "तुमच्या आजोबांनी ठेवली, कारण पाठकोरी होती," काका म्हणाले.

त्यांनी एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं. सहाव्या जॉर्जचं तीन आण्यांचं जांभळं तिकीट, वर काळ्यात 'बहरीन'. शिक्का तिकिटावर निम्मा आणि पाकिटावर निम्मा. डाव्या कडेला पांढरी पट्टी, इंग्रजीत छापलेली: तपासनीसाने उघडलं. युद्धातली सेन्सॉरशिप. पट्टीवर सेन्सॉरचा शिक्का, मागे मुंबईचा पोचेचा शिक्का, १९४३. "हे शिक्के एकमेकांशी बोलतात. कुठून निघालं, कुणी अडवलं, किती दिवसांनी पोचलं. तिकीट सोडवून घेतलं की ही वाक्यं तुटली."

मी पातेल्याची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला. त्या पाचांपैकी एकावर अशीच पट्टी होती, आणि ती मी कचऱ्यात टाकली होती.

त्यांचा अंदाज: नीट विभागून लिलावात दिलं तर गठ्ठ्याचे चाळीस हजारांच्या आसपास यावेत. पाठीवरच्या हिशेबाने भाव पडेल का, असं विचारलं. "फारसा नाही. घेणारा पुढची बाजू वर ठेवून पानात लावतो. पाठ कोण बघतं?"

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळ्या पाठींचे फोटो काढून धाकटीला पाठवले. तिने दोन वर्षांपूर्वी मोडीचा वर्ग केलाय. दुपारी चारपासून तिचे निरोप येताहेत. रॉकेल. दूध. खोलीभाडं ११. गोडेतेल. धाकट्याची पाटी (धाकटा म्हणजे बाबा). मग: "ताई, 'थोरलीचं औषध' कोण?"

हे सहा पाकिटांवर आहे. पोचेच्या शिक्क्यांवरून तारीख लागते: पहिलं १९४३ च्या ऑगस्टमधलं, शेवटचं १९४४ च्या जानेवारीतलं. फेब्रुवारीच्या पाकिटावर दूध अर्ध्यावर आलंय.

रात्री रत्नागिरीला आत्याला फोन केला. ती नव्वदीला टेकलीय, पण तारखा पक्क्या असतात. "हो. माझ्याहून मोठी. अण्णा तिचं नाव काढू द्यायचे नाहीत." मग म्हणाली, उद्या बोलू.

१२ जानेवारीला भिजवलेल्या पाच पाकिटांवरची शाई पसरून निळा डाग झालाय. एकावर नोव्हेंबर १९४३ चा शिक्का ओळखू येतो.

२२ फेब्रुवारी

डब्यातला माल चाळला. १९७१ ची निर्वासित मदतीची पाच पैशांची बरीच आहेत. बांगलादेशातून आलेल्या लोंढ्यांच्या खर्चासाठी त्या नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैसे जास्त आकारले जायचे. खास तिकीट छापून होईपर्यंत कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर वरून मजकूर छापून काम भागवलं, आणि नाशिकचा पुरवठा पोचेना तिथे गावोगावी स्थानिक छापखान्यांत किंवा रबरी शिक्क्याने मारलं. माझ्याकडे तीन वेगळी अक्षरं निघाली. हौस वाटली. पण मूळ तिकीट मुबलक आणि शिक्का कुणालाही बनवता येतो, त्यामुळे बनावटच जास्त. तज्ज्ञाचा दाखला घ्यायचा तर त्याचा खर्च तिकिटाहून मोठा. बाबांनी स्वतः पत्रावरून काढलेली असावीत, पण 'असावीत' या शब्दाला बाजारात किंमत नाही. डब्यात परत.

२ मार्च, रविवार

एका लिलाव संस्थेला फोटो पाठवले होते, उत्तर आलं. गठ्ठ्याचा अंदाज ३८ ते ४६ हजार, भारताचे दोन अल्बम ३२, संस्थानं ९. विकणाऱ्याकडून कमिशन १५ टक्के. काकांचा आणि यांचा आकडा जुळला, बरं वाटलं.

गिबन्सचा कॅटलॉगही काकांकडून दोन आठवडे वापरायला आणलाय. त्यातल्या किमती पौंडांत बेरीज करून दादाने परस्पर एक आकडा काढला होता, पावणेचार लाखांचा. कॅटलॉगची किंमत म्हणजे तो दुकानदार निर्दोष तिकीट गिऱ्हाइकाला कितीला विकेल ती. डाग नसलेलं, दाता न तुटलेलं, मध्यावर छापलेलं. आमच्याकडे डाग आहेत, आणि आम्ही दुकानाच्या अलीकडे नाही, पलीकडे उभे आहोत.

८ मार्च, शनिवार

तक्ता पुरा केला. तीन रकाने: व्यापारी देईल ती, लिलावात यावी ती, कमिशन वजा जाता हातात पडेल ती. पहिला रकाना संपूर्ण संग्रहाचा ३८,१००. तिसऱ्यात गठ्ठा ४२ हजार धरून ३५,७००, भारताचे अल्बम २७,२००, संस्थानं ७,६५०. परदेशी अल्बम, डबा, फोटो-अल्बम आणि फर्स्ट डे कव्हरं लिलावात कुणी घेणार नाही, त्यांचे व्यापाऱ्याचेच ७,६००. एकूण ७८,१५०. तिघांत प्रत्येकी २६,०५०.

माझा वेळ या तक्त्यात धरलेला नाही. धरला तर आपण तिकिटांनाच पैसे देणं लागतो.

भिजवलेली पाच पाकिटं शेवटच्या ओळीत, समोर शून्य.

१६ मार्च, रविवार

तिघांचा व्हिडिओ कॉल, दीड तास. दादाला गांधी संच हवा, कोटीचा नसला तरी. तो भारताच्या अल्बममध्ये लिलावाला ९ हजार धरलेला, म्हणजे ७,६५० त्याच्या नावे. व्हिक्टोरियाही नेऊ का, असं त्याने विचारलं. शंभर वर्षांपुढच्या कलावस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची आडकाठी आहे. तिकिटं त्यात बसतात की नाही यावर तू विमानतळावर वाद घालणार असशील तर ने, म्हटलं. नको म्हणाला.

संस्थानं मी घेतली. कोर्ट फीवर जीव जडलाय.

धाकटीने गठ्ठा मागितला. आणि मग वाजलं. दादाचं म्हणणं, घे, पण तक्त्यातल्या भावाने, म्हणजे ३५,७०० तून तिचा वाटा २६,०५० वजा जाता तिलाच ९,६५० द्यावे लागतात. ती म्हणाली, मी विकणार नाही, मग मला लिलावाचा भाव का? व्यापाऱ्याचा तीन हजार धरा. दादा म्हणाला, मग मी तीन हजाराला घेतो आणि लिलावात देतो. ती रागाने उठून गेली, स्क्रीनवर नुसती खुर्ची. दोघांचंही गणित बरोबर होतं, हीच पंचाईत. मी गप्प राहिले, कारण माझा तक्ता, माझं पातेलं.

दहा मिनिटांनी ती परत आली. "देते नऊ हजार साडेसहाशे. पण ती भिजलेली पाचही माझी." दादा म्हणाला, ती शून्यातच आहेत. तिने विचारलं, "वहीत लिहिलंय ना तसं?" लिहिलंय.

३० मार्च, गुढीपाडवा

धाकटी नाशिक रोडहून पहाटेच्या गाडीने आली. ज्या छापखान्यात १९२६ पासून भारताची तिकिटं छापतात, त्याच्या भिंतीवरून ती रोज जाते, आणि आजवर तिकिटांत तिला काडीचा रस नव्हता. ६३ आणि ५ पाकिटं मोजून दिली, प्रत्येकात बटर पेपर, सगळी सरळ प्लास्टिक नसलेल्या खोक्यात. पुरणपोळी झाल्यावर तिने सहा पाकिटं वेगळी काढून आत्याला फोनवर वाचून दाखवली. मी आत भांडी घासत होते.

उरलेले भारताचे अल्बम मंगळवारी लिलावाला जातील. किरकोळ माल फोर्टातल्या त्याच व्यापाऱ्याने घेतला, सांगितला तेवढ्यालाच. गठ्ठ्याचं काय केलं, असं त्याने दोनदा विचारलं.

सिलिका जेलचे १८०, तिघांत साठ-साठ. धाकटीने जेवायच्या आधीच दिले. दादाचे यायचेत.